एकच गणित, आपापल्या शेताचं

अन्वर शेख हा धुळ्याच्या शिंप्याचा मुलगा. साक्रीच्या कॉलेजात अर्थशास्त्राच्या वर्गाला संख्याशास्त्र शिकवायला तो रुजू झाला, तेव्हा ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. शिकवायची हौस दांडगी. रोज फळा भरून टाकायचा आणि तास सुटताना पुस्तकातली ढीगभर गणितं घरी करायला द्यायचा. पोरं ती बिनबोभाट करून आणायची. अन्वर खुशीत होता.

पहिल्याच चाचणीत जवळजवळ अख्खा वर्ग नापास झाला.

"घरी सगळं बरोबर येतं, मग इथे काय होतं?" त्याने विचारलं. डोंगराकडच्या गावातून येणारा धनसिंग उभा राहिला. "सर, घर जाईसन वावरमा काम ऱ्हास. एक जण गणित सोडवस, बाकीना उतारतस. बठ्ठास्नी गत सारखीच शे."

घरी गेलं की शेतात काम, म्हणून एकाने सोडवायचं आणि बाकी सगळ्यांनी उतरवायचं, हे ऐकून अन्वरला राग आला नाही, वाईट वाटलं. आपण गणितं देत होतो, पण ती सोडवायला या पोरांना वेळ कुठला, हे कधी मनातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने पुस्तक बाजूला ठेवलं. "आजपासून एकच गणित. आपापल्या शेतातली भुईमुगाची काही झाडं उपटा आणि प्रत्येकाच्या शेंगा मोजा. सरासरी काढा, शेंगा किती कमीजास्त होतात तेही काढा. त्यातून काय कळलं, ते दोन ओळींत लिहा. ज्यांना शेत नाही, त्यांनी बाजारात फिरून कांद्याचे भाव विचारा."

प्रत्येकाचे आकडे वेगळे, त्यामुळे उतरवायला काही उरलंच नाही. विभागप्रमुख पंडित देवरे मात्र वैतागले. "शेख, शेंगा मोजायला पोरं कॉलेजात कशाला हवीत? आधी अभ्यासक्रम संपवा."

"संपवतो सर. दिवाळीपर्यंत मला करून बघू द्या," अन्वर म्हणाला.

सुरुवातीला धनसिंगने आकडे मनानेच लिहिले. ते वाचून अन्वरने शांतपणे विचारलं, "तुझ्या शेतात झाडं साच्यातून काढतात का रे? सगळ्यांना सारख्याच शेंगा?" वर्ग खदखदून हसला. धनसिंगही हसला, पण ती गोष्ट त्याला लागली. त्या संध्याकाळी तो खरंच शेतात उतरला.

सकाळी तासाला येताच तो बोलू लागला. "सर, सरासरी चांगली आली, पण ती फसवी आहे. बांधाखालची झाडं लगडलेली आणि वरच्या अंगाची रिकामी. आबांना वाटत होतं, पीक सगळीकडे सारखंच आहे." शेजारच्या बाकावरची सुंदर नावाची मुलगी लगेच म्हणाली, "मग नुसती सरासरी सांगून काय उपयोग?" आणि वाद पेटला. फळ्यापाशी उभा असलेला अन्वर खडू हातात धरून नुसता ऐकत राहिला. जे त्याला इतके दिवस सांगून समजावता आलं नव्हतं, ते पोरं एकमेकांना समजावत होती.

मग तीच रीत पडली. गणित एकच, पण प्रत्येकाचं स्वतःचं. आणि दुसऱ्या दिवशी तासाच्या सुरुवातीला जोडीदाराने तपासायचं. चुकलं तर पुन्हा करायचं, त्याचे गुण कापायचे नाहीत. धनसिंगच्या वडिलांनी, आबांनी, त्या वर्षी शेणखत आधी वरच्या अंगाला टाकलं.

विद्यापीठाच्या पेपरात एक वेगळंच गणित आलं. दोन गावांची सरासरी सारखी, मग कुठल्या गावाचं पीक जास्त भरवशाचं? बाहेरच्या केंद्रांवर 'हे शिकवलंच नव्हतं' अशी ओरड झाली. साक्रीची पोरं हसतच बाहेर पडली.

निकाल लागला तेव्हा वर्गात नापास कोणीच नव्हतं. धनसिंग कॉलेजात पहिला आला आणि सुंदर त्याच्या पाठोपाठ. पोरांनी अन्वरला खांद्यावर घेऊन स्टँडपर्यंत नेलं. तो नको नको म्हणत होता, पण कोणी ऐकेना. तिथून परतताना पंडित सर फाटकातच भेटले. त्यांनी अन्वरचा हात दाबला आणि जरा अडखळत म्हणाले, "शेख, जूनपासून माझ्या वर्गालाही असंच काहीतरी द्यायचं म्हणतो. सुरुवात कुठून करू?"

"पोरांनाच विचारू या की सर, घरी काय काय पिकतं," अन्वर म्हणाला, आणि दोघं बोलत बोलत कॉलेजात शिरले.