वाघमारे बाई उभ्यानं बोलायच्या

दोन हजार बावीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि त्या वयात कंपनीनं मला जांभळा टी-शर्ट घातला. छातीवर इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं. मी चौथी पास, तेही मास्तरांच्या कृपेनं. नातीला विचारलं, तर ती हसून म्हणाली, "आबा, त्याचा अर्थ काहीच होत नाही." मला बरं वाटलं. म्हटलं, आपल्याला कळत नाही असं नाही, त्यात कळण्यासारखंच काही नाही.

पण मला टी-शर्टाचं नाही, वाघमारे बाईंचं सांगायचंय. बाई मागच्या वर्षी वारल्या, परभणीला, बहिणीच्या घरी. मीरा-भाईंदरमध्ये अकरा वर्षं लोक रेडिओवरच्या त्यांच्या आवाजानं उठले, पण रस्त्यात भेटल्या तर कुणी ओळखलं नसतं. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. चप्पल स्टुडिओच्या दाराबाहेर काढायच्या आणि माईकपुढं उभ्यानं बोलायच्या. खुर्ची होती, चांगली फिरती होती. तिच्यावर त्यांची पिशवी बसायची. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "बाई, पाय दुखत नाहीत?"

"गोताडभाऊ, माझं ऐकणारी नळाशी उभी राहायलीय. मी बसून कामून बोलू?"

आमचं स्टेशन म्हणजे 'रेडिओ शेजारी'. हाटकेशमध्ये गाळ्यांच्या रांगेत वरच्या मजल्यावर. खाली स्टीलचे डबे बनवायचा कारखाना. नऊ वाजता खाली प्रेस धडधडायला लागली की वर भिंत हलायची, म्हणून बाईंचा कार्यक्रम पहाटे पाच ते नऊ. त्यात गाणी होती, जाहिराती होत्या, पण लोक ऐकायचे ते पाण्यासाठी. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, आणि येतं तेव्हा सांगून येत नाही. आज पहाटे आलं तर परवा दुपारी. कॉम्प्लेक्सवाल्यांना टाकी आहे, पंप आहे, सेक्रेटरी आहे. गोडदेवच्या जुन्या चाळींत मात्र नळ आणि हंडा, मधे कुणी नाही.

आणि मी? मी तीस वर्षं पालिकेत चावीवाला होतो. रस्त्याखालचा व्हॉल्व लांब चावीनं फिरवायचा, किती आटे उघडले की कुठल्या गल्लीत किती जोर येतो, हे माझ्या मनगटाला ठाऊक. रिटायर झालो आणि स्टेशनवर शिपाई म्हणून लागलो. लागलो म्हणजे त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. पहाटे साडेचारला सगळ्या चावीवाल्यांना फोन करायचा, विचारायचं आणि चिठ्ठी लिहून बाईंच्या हातात द्यायची, हे माझं काम. माझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं. बाई चिठ्ठी आधी मनात वाचायच्या, मग माईकवर.

एकदा मी लिहिलं, 'इंद्रलोक, सहाच्या सुमारास.' चिठ्ठी परत आली.

"सुमारास म्हणजे काय?"

"म्हणजे सहा, सव्वासहा."

"भाऊ, सुमारास हंडा भरत नसतो. फोन लावा परत."

लावला. आणि ज्या दिवशी चावीवाला फोन उचलायचा नाही, त्या दिवशी बाई सरळ माईकवर सांगायच्या, "गोडदेवचं मला माहीत नाही. कळलं की सांगते." मग गाणं. लोक तेवढ्या भरवशावर नळाखाली हंडा लावून बसायचे.

मग मालक बदलले. जुन्या शेठनं स्टेशन अंधेरीच्या एका कंपनीला विकलं आणि आमच्याकडे निखिल सर आले. वय तिशीच्या आत, पायात मोजे नाहीत, हातात कायम कॉफीचा मोठा पेला. हुद्दा ब्रँड हेड. पहिल्या मीटिंगला त्यांनी सांगितलं की 'शेजारी' हे नाव चाळीचं वाटतं. आम्ही सगळे चाळीतले, गप्प बसलो. नवीन नाव 'रेडिओ झेस्टा'. भिंती जांभळ्या, कप जांभळे, संडासाचं दारसुद्धा जांभळं. रंगाऱ्यानं त्यावर 'मूड हाय, लाइफ फ्लाय' असं चिकटवलं. कुणाला पोटात कळ आली की आत जाताना आधी ते वाचायचं.

मग नावांचा कार्यक्रम झाला. कुसुम वाघमारे हे फार लांब आणि जड, सर म्हणाले. आजपासून आरजे किम्मी.

"आडनाव कामून काढायलात?" बाईंनी विचारलं.

"मॅम, आजकल कोई सरनेम नहीं बोलता. फ्रेंडली वाटत नाही."

बाई उभ्या राहिल्या. "सर, आमच्या शाळेत मास्तर हजेरी घ्यायचे. माझं आडनाव आलं की सगळा वर्ग वळून बघायचा. तरी मी मोठ्यानं 'हजर' म्हणायची. तेव्हा माईक नव्हता. आता माईक आहे, तर गप्प बसू?"

सरांनी कॉफी प्यायली आणि म्हणाले, "लव्ह द पॅशन." पोस्टरवर किम्मीच आलं. वर एका गोऱ्यापान पोरीचं कार्टून, केस मोकळे. बाई पोस्टरपुढं उभ्या राहून म्हणाल्या, "हिला हंडा उचलवंल का?"

पाण्याचा वेळ सर काढूनच टाकणार होते. पण प्लास्टिकच्या टाक्या बनवणारा एक जाहिरातदार तेवढ्यासाठीच तयार झाला, म्हणून तो राहिला. फक्त नवीन पद्धत अशी की सगळा कार्यक्रम आदल्या संध्याकाळी रेकॉर्ड करून कॉम्प्युटरला लावायचा. पहाटे माणूस नको.

"उद्याचं पाणी आज कसं सांगू?" बाई म्हणाल्या.

"एक अंदाज. अॅप्रॉक्स."

"अंदाज सांगायचा तर ज्योतिषी ठेवा. आणि एखाद्या दिवशी माहीत नसलं तर?"

"मॅम, रेडिओवर 'माहीत नाही' कधीच बोलायचं नाही. ब्रँड वीक होतो."

बाईंनी रेकॉर्डिंगला साफ नकार दिला. म्हणाल्या, पाणी सांगेन ते पहाटे, उभ्यानं, चिठ्ठी बघून. नाहीतर नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. पालिकेत तीस वर्षांत मला कुणी खुर्ची दिली नव्हती, शेवटच्या दिवशी नारळ आणि शाल दिली तीही उभ्यानंच.

"अंकल, आप तो एक्सपर्ट हो. कल का टाइमिंग आज बता सकते हो क्या?"

"डोळे मिटून," मी म्हटलं.

आणि सांगितलं. गोडदेव साडेसहा, इंद्रलोक साडेसात, हाटकेश नऊ. चिठ्ठी लिहून खाली सहीसुद्धा ठोकली. ते कोण वाचणार, हे मी विचारलं नाही. वाटलं, कुणी नवीन पोरगी वाचेल. खरं सांगायचं तर एक्सपर्ट हा शब्द कानात इतका गोड वाजत होता की बाकी काही ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नव्या नावाचं उद्घाटन होतं. त्या पहाटे मला फोन करायचे नव्हते. मी झोपलो. आठ वाजता गोडदेवच्या चावीवाल्याचाच फोन आला. "गोताड, झोपला काय? इंद्रलोकची लाइन फुटली म्हणून गोडदेवला सव्वापाचला पाणी सोडलं. सहाला बंद पण झालं. तू फोन का नाय केला?"

तोवर रेडिओनं साडेसहा सांगून टाकलं होतं. आणि सांगितलं होतं वाघमारे बाईंच्या आवाजात. सरांच्या माणसांनी बाईंच्या जुन्या कार्यक्रमांतून 'गोडदेव' एकीकडून आणि 'साडेसहा' दुसरीकडून कापून जोडलं होतं. बाई स्वतः गोडदेवच्या चाळीत राहायच्या. त्यांना दहाला जांभळा टी-शर्ट घालून केक कापायला बोलावलं होतं, म्हणून त्या घरीच होत्या. त्यांच्याच गॅलरीत त्यांचाच आवाज साडेसहा सांगत होता आणि शेजारच्या म्हात्रे आजी रिकामा हंडा घेऊन दारात आल्या.

"बाय, तू हितं हायेस आन् रेडिओत बी हायेस. कंची खरी? नातीला काल पोर झालंय, घरात घोटभर पानी न्हाय. तू बोललीस म्हनून नल बगला न्हाय म्या."

बाई दहाला आल्या, साडीतच. केक तयार होता, अर्थात जांभळा. सगळ्यांसमोर विचारलं, "माझा आवाज कुणी लावला?"

सर म्हणाले, "मॅम, जुन्या रेकॉर्डिंगचे राइट्स कंपनीकडे आहेत. टेक्निकली तो आवाज आमचा आहे."

"तुमचा आहे ना? मग चला गोडदेवला. दारोदार जाऊन आवाजानं माफी मागायची आहे."

कुणी हललं नाही. कुणीतरी फुगा फोडला. बाईंनी टेबलावरची एक चिठ्ठी उचलली, वाचली, घडी करून पिशवीत टाकली आणि चपला घालून जिना उतरल्या. राजीनामा वगैरे काही लिहिला नाही. परत आल्याच नाहीत.

संध्याकाळी मी गोडदेवला गेलो. बाई गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "या." मी मागोमाग चाललो. प्रत्येक दारात एकच बोलणं. "सकाळी चुकीची वेळ गेली. आवाज माझा होता. माफ करा." कुणी म्हणालं, जाऊ द्या बाई. एकीनं तोंडावर दार लावलं. एकजण आतून ओरडला, "आता टँकरवाल्याची जाहिरात करा!" म्हात्रे आजी तेवढ्या म्हणाल्या, "तुजी काय चूक गं, बाय?" आणि बाई म्हणाल्या, "आहे. तुम्ही माझ्यावर विसंबलात."

मी मागे उभा राहून लोकांच्या चपला मोजत होतो. प्रत्येक दारात वाटायचं, आता बोलावं. प्रत्येक दारात वाटायचं, पुढच्या दारात बोलू.

शेवटचं दार झालं. बाईंनी पिशवीतून चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली.

"अकरा वर्षं वाचलंय तुमचं अक्षर, भाऊ. सही कशाला केली? तसंही ओळखलं असतं."

मी काहीतरी सांगायला गेलो. सरांनी फसवलं, मला ठाऊक नव्हतं, असलंच.

"माझ्या आवाजाचं मी निस्तरलं," बाई म्हणाल्या. "तुमच्या चिठ्ठीचं तुम्ही बघा." आणि घरात गेल्या.

घरी आलो. बायकोनं ताट वाढलं, मी जेवलो नाही. सरांना शिव्या दिल्या, कंपनीला दिल्या, फुटलेल्या लाइनलासुद्धा दिल्या. चिठ्ठी खिशातच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, धुतलेला पांढरा सदरा घालून गोडदेवला गेलो आणि पहिल्या दाराची कडी वाजवली.

"कोन हाय?" म्हात्रे आजी.

"गोताड. आजी, कालची वेळ मी दिली होती. न विचारता, मनानं."

आजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मोटा आलाय चावीवाला," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

मी पुढच्या दाराकडे वळलो. त्या गल्लीत एकोणीस दारं आहेत.