गंगूआजीचा काळा-पांढरा फोटो

आता ही फजिती कोणत्या तोंडाने सांगू? पण चहा तुम्ही पाजताय, तेव्हा ऐका!

दारव्ह्याजवळच्या एका गावात मी नववी-दहावीच्या पोरांना फोटोग्राफी शिकवतो. आपण कोण, आपलं गाव कसं, ते मोबाईलच्या फोटोतून सांगायचं. शेवटी बुद्धविहारात प्रदर्शन. मला एकच धास्ती: पोरांनी एवढा जीव ओतलाय, आणि बघायला कुणी आलंच नाही तर?

सगळ्यात झकास फोटो समीक्षाचा. तिची गंगूआजी, लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून नागपूरला दीक्षेला गेलेली. आजी दारात हसतेय, पण मागे भडक निळा ड्रम! मी फोटो काळा-पांढरा करून टाकला.

"सर, रंगीतच राहू द्या ना," समीक्षा कुरकुरली.

"कला असते ती! तुला नाही कळायची."

मग जाहिरात म्हणून तिच्याच मोबाईलवरून फोटो स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, 'गंगूबाई. उद्या सकाळी दहा वाजता, बुद्धविहार. सर्वांनी यावे.' आणि नम्रपणे जोडलेले हात! तुमच्या आलं ना लक्षात? माझ्या नाही आलं! वर, तयारीच्या मधे फोन वाजायला नको म्हणून तिचा मोबाईल बंद करून माझ्या पिशवीत ठेवला.

सकाळी बघतो तर विहारापुढे ही गर्दी! मारेगाव, महागाव, कुठून कुठून जीपा आलेल्या. सगळे पांढऱ्या कपड्यांत. माझी कीर्ती एवढी लांब पोचली? मी तर हात जोडून स्वागतालाच उभा राहिलो.

तेवढ्यात आजीची मारेगावला दिलेली लेक "माय वं!" करत आत धावली. आत आजी नवं लुगडं नेसून, आपल्याच फोटोखाली बसलेली.

"काहून रडून राह्यली वं?"

"माय! तू जित्ती हाय?"

"मंग! चाय पिऊन राह्यली ना!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. समीक्षा म्हणाली, "सर, आता यायले कला समजावून सांगा."

वाचवलं ते आजीने. "मेल्यावर कोन कोन येते, ते जितेपनीच पाह्यलं म्या! आता आलेच हा तं पोरायचे फोटो पाहून जा."

आणि लोकांनी एकेक फोटो पाहिला हो! विहारात उभं राहायला जागा नव्हती. इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पोरांनी सूड उगवला. माझा फोटो काळा-पांढरा करून माझ्याच स्टेटसला टाकला. वेळ, ठिकाण, जोडलेले हात, सगळं तस्सं!

दिवसभर वाट पाहिली. एकच उत्तर आलं, सख्ख्या मेहुण्याचं.

अंगठा!