मंचाखालचे स्लीपर

माझी ती पोस्टिंग ईशान्येकडच्या एका डोंगरी नदीवर होती. मी इंजिनिअर्समध्ये होतो, म्हणजे सैन्याचा तो भाग, जो रस्ते करतो, सुरुंग काढतो आणि पूल टाकतो. तेव्हा मी हवालदार होतो. पुराने जुना पूल वाहून गेला होता आणि पलीकडच्या पोस्टचं रेशन माणसांच्या पाठीवरून जात होतं. आमच्या प्लाटूनला तिथे लोखंडी बेली ब्रिज टाकायचा हुकूम मिळाला.

प्लाटूनमध्ये आमच्या भागातले दोघंच. मी जुन्नर तालुक्यातल्या पिंपरी पेंढारचा. लान्स नायक रामदास आंबेगावचा, घोडेगावच्या वर डोंगरात त्याची वाडी. आमच्या घरी मेंढरं, त्यांच्या घरी भातशेती. सकाळी फॉल-इनला मी माणसं मोजायला लागलो की तो पुटपुटायचा, "हवालदारसायेब, मेंढरं मोजल्यागत मोजू नका राव, एखादं इकून टाकाल." मी त्याला रगडा द्यायचो. तो मैदानाला फेऱ्या मारून यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणायचा.

बेली ब्रिज कसा टाकतात ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पूल एका काठावर जोडतात आणि रोलरवरून ढकलत पलीकडे नेतात. मग दोन्ही टोकं रोलरवरून उतरवून खाली कायमच्या जागी बसवायची असतात. हे काम जॅकने होतं, एका वेळी एकच टोक. जॅक उतरत असताना पुलाखाली लाकडी स्लीपरांची चळत कायम ठेवतात. तिला पॅकिंग म्हणतात. पूल जसा खाली येईल तशी एकेक फळी काढायची. जॅक सटकला तरी पूल फळीभरच खाली येतो, माणूस वाचतो. पॅकिंग नसेल तर जॅकला हात लावायचा नाही, हे रिक्रूटलाही पाठ असतं. रामदास हे काम आमच्यात सगळ्यात चांगलं करायचा आणि कोणाचीही घाई ऐकून घ्यायचा नाही.

टोकं उतरवायचं तेवढं राहिलं होतं आणि पूल दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचा होता. मोठे पाहुणे येणार होते. सकाळी निरोप आला की पाहुणे आजच दुपारी येतील. मंच घालायला लाकूड नव्हतं आणि जमीन चिखलाची होती. कंपनीच्या मेजरसाहेबांनी अलीकडच्या काठावरचे पॅकिंगचे स्लीपर उचलायला लावले आणि त्यांचा मंच केला. वर लाल गालिचा टाकला.

मी पलीकडच्या काठावर होतो. पुढचं मी रेडिओवर ऐकलं.

"अल्फा, जॅक डाउन शुरू क्यों नहीं हुआ? ओव्हर." हे मेजरसाहेब.

"पॅकिंग नहीं है, साहब. ओव्हर." हा रामदास.

मी मध्ये बोललो. माझ्या काठावर स्लीपर आहेत, खांद्यावरून पाठवतो, अर्धा तास द्या.

"निगेटिव्ह. अल्फा, जो है उसमें करो. ये ऑर्डर है. आउट."

रामदासने आपल्या पार्टीच्या माणसांना मागे सरकवलं आणि पुलाखाली स्वतः गेला. डावा जॅक ओल्या मातीत कलला. पूल पूर्ण खाली आला. आम्ही त्याला काढलं तेव्हा तो गेलेला होता.

त्या दुपारचा कार्यक्रम रद्द झाला. दुसऱ्या दिवशी झाला, त्याच मंचावर. म्हणजे एक दिवस थांबता येत होतं. हे वाक्य मी कितीही वेळा लिहिलं तरी राग उतरत नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, म्हणजे सैन्याच्या चौकशीत, मला विचारलं, पॅकिंग होतं का? मी म्हणालो, नव्हतं. जॅकपार्टीचा कमांडर कोण? मी म्हणालो, लान्स नायक रामदास. मी स्लीपरांचं आणि मंचाचं सांगायला लागलो तर म्हणाले, विचारलं तेवढंच सांगा. निष्कर्ष निघाला की सदर जवानाने ड्रिल मोडून काम केलं, चूक त्याची स्वतःची. माझी खरी उत्तरं त्याच्याच विरोधात वापरली गेली.

ही गोष्ट वाडीपर्यंत पोचली. शाळेच्या नव्या खोलीला रामदासचं नाव द्यायचं गावाने ठरवलं होतं. कोणीतरी म्हणालं, स्वतःच्या चुकीनं मेलेल्याचं नाव पोरांपुढं कशाला? नाव द्यायचं राहून गेलं. त्याचे वडील, मारुतीबाबा, त्यानंतर झेंडावंदनाला गेले नाहीत.

रिटायर झाल्यावर मी प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या पदव्युत्तर कोर्सला नाव घातलं. बीए नोकरीत असतानाच बाहेरून केलं होतं. आमच्या घरात माझ्या आधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. बायको म्हणाली, "या वयात? पोरं काका म्हनतील." पोरं काकाच म्हणतात. मी शेवटच्या बाकावर बसतो. इंग्रजी पुस्तकाचं एक पान वाचायला मला इतरांच्या तिप्पट वेळ लागतो. मी तिथे सैन्याबाहेर, सिव्हिलमध्ये बरी नोकरी मिळावी म्हणून गेलो होतो, रामदाससाठी नाही. हे खोटं कशाला सांगू?

पण दुसऱ्या सेमिस्टरला सरांनी 'फ्लोट' शिकवला. एखादं काम शेवटच्या तारखेला धक्का न लावता जितकं लांबवता येतं, तितका वेळ म्हणजे फ्लोट. सगळे उतरवून घेत होते. माझं पेन थांबलं. आमच्याकडे पूर्ण एक दिवसाचा फ्लोट होता. जगात याला नाव आहे, ते पुस्तकात छापलेलं आहे, आणि चौकशीच्या त्या बंद खोलीत टेबलामागे बसलेल्या शिकलेल्या माणसांना ते नक्की माहीत होतं. त्यांनी तो प्रश्न विचारलाच नाही. मी वर्गाबाहेर जाऊन गाडीतळावर उभा राहिलो. तास संपेपर्यंत आत गेलो नाही, इतका राग आला होता.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी तोच पूल घेतला. युनिटचं आणि नदीचं नाव गाळलं. गाइडसर चांगले माणूस आहेत. त्यांनी मसुदा दोनदा वाचला आणि मला चहाला नेलं.

"काका, पूल ठरलेल्या तारखेला सुरू झाला ना?"

"झाला सर."

"मग याला फेल्ड प्रोजेक्ट कसं म्हणता? सक्सेसफुल म्हणा. अपघाताची एक ओळ टाका, ऑपरेटरची चूक म्हणून. बाहेरचे परीक्षक असला राग बघून मार्क कापतात. नापास झालात तर वर्ष जाईल."

मी त्यांना विचार करतो म्हणालो. घरी येताना गाडी रस्त्याच्या कडेला लावून बसलो. वर्ष गेलं तर पुन्हा शिकायला बसायची हिंमत माझ्यात उरेल की नाही, हे मला ठाऊक नव्हतं. पण ती एक ओळ मी लिहिली असती तर रामदासची चूक दुसऱ्यांदा सिद्ध झाली असती, आणि या वेळी माझ्या सहीने. मी मसुदा बदलला नाही.

तोंडी परीक्षेला परीक्षकांनी तेच विचारलं. पूल आजही उभा आहे, मग तक्रार काय?

इंग्रजीत जुळवून ठेवलेलं सगळं मी विसरलो. मराठीत म्हणालो, "सर, पुलाला धरून ठेवणारं लाकूड काढून पाहुण्यांच्या पायाखाली घातलं. माणूस मेल्यावर तारीख पुढे गेली. मरायच्या आधी ती जाऊ शकत होती. ज्याने नाही म्हटलं त्यालाच दोषी धरलं. याला तुम्ही सक्सेस म्हणत असाल तर मला नापास करा."

आवाज चढला होता. गाइडसर खाली बघत होते. परीक्षकांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, तो आदेश तोंडी होता की लेखी? मी म्हणालो, रेडिओवर. ते म्हणाले, मग हे प्रोजेक्टमध्ये ठळक यायला हवं होतं. बसा. मी पास झालो, जेमतेम.

त्याच आठवड्यात घोडेगावहून एसटीने वर वाडीत गेलो. मारुतीबाबा ओट्यावर विळ्याला धार लावत होते. मी सगळं सांगितलं, स्लीपर, रेडिओ, फ्लोट.

"म्हंजी माझ्या पोरानं न्हाई म्हनलं व्हतं?"

"म्हणाला होता बाबा. मी कानाने ऐकलं."

"मंग इतकी वर्सं कुठं व्हतास रं?"

मी सांगितलं की कोर्टापुढे बोललो होतो, कोणी ऐकलं नाही. आणि तारखेचं नीट मांडायची अक्कल तेव्हा नव्हती. त्यांना ते पटलं की नाही, कळलं नाही. विळा बाजूला ठेवून ते उठले.

"मला एकट्याला सांगून काय उपेग? चल. चार मानसांपुढं बोल."

देवळासमोर माणसं जमवायला त्यांना वेळ लागला नाही. नाव नको म्हणणारा गृहस्थही आला आणि मागे उभा राहिला. मी दगड मांडून पूल दाखवला, खालचे दगड काढून घेतले, आणि तो कसा खाली आला ते दाखवलं. मग मेजरसाहेबांचं नाव, हुद्दा, सगळं सांगितलं. इथे लिहीत नाही, तिथे सांगितलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागचा गृहस्थ निघून जायला लागला तेव्हा बाबा त्याला एवढंच म्हणाले, "पावनं, ऐकून जावा."

तो थांबला.

रामदासला पोहता येत नव्हतं. नद्यांवर काम करायची पलटण आणि याला पाण्याची भीती. काठावर उभा राहिला की कोणाचा तरी पट्टा धरून ठेवायचा. गाणी वाईट म्हणायचा. भात मात्र असा शिजवायचा की लंगरचा कुक त्याला आत येऊ देत नसे. त्या दिवशी पुलाखाली जाण्याआधी त्याने मागे सरकवलेले चारही जवान जिवंत आहेत. दोघं अजून नोकरीत आहेत. लान्स नायक रामदास कामावर असताना, हुकूम पाळताना गेला. चूक त्याची नव्हती.