वमनपरिहारार्थं

गुरुजी संकल्प सोडल्याशिवाय कुठलंच काम करत नसत. इंजेक्शनसुद्धा घेत नसत. केमो सुरू करण्याआधी, उलट्या होऊ नयेत म्हणून एक इंजेक्शन देतात. सिस्टर ते घेऊन आली की गुरुजी डावा हात तिच्या पुढे करत, उजव्या तळहातावर बाटलीतलं थोडं पाणी घेत आणि पुटपुटायला लागत. शेवट ठरलेला असे : "वमनपरिहारार्थं सूचीवेधनकर्म कारयिष्ये." मग ते पाणी ट्रेमध्ये सोडून म्हणत, "हाँ बिटिया, अब लगाओ." सिस्टर बिचारी तोवर सिरिंज धरून उभी.

गुरुजी दूधविनायक मोहल्ल्यातले. घराणं पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहिलेलं, आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं दशाश्वमेध घाटावर करून देण्याचा व्यवसाय. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीमुळे इथं आलेली आणि तो गेल्यावर इथंच राहिलेली बाई. देवळात गेले तरी चपला सांभाळायला बाहेर थांबणारी. आमची ओळख व्हायचं काही कारण नव्हतं. पण इस्पितळात आमच्या खुर्च्या शेजारी आल्या, मी फोनवर मुलीवर मराठीत खेकसले आणि शेजारून अगदी अदबीनं प्रश्न आला, "बाई, आपण कुठल्या?"

काशीतल्या संकल्पात या क्षेत्राचं सगळं वर्णन येतं. 'आनंदवने' येतं तसं 'महाश्मशाने'ही येतं. कॅन्सरच्या वॉर्डात तो शब्द खणखणीत आवाजात उमटला की समोरचे पेशंट दचकून डोळे उघडत. मी एकदा म्हटलं, "गुरुजी, इथं तरी तेवढा शब्द गाळा."

"कसा गाळू? पत्ता आहे तो. पत्ता चुकला तर देव भलत्याच वॉर्डात जाऊन बसेल."

मी इतकी हसले की हाताची नळी निसटली. सिस्टर मलाच रागावली.

त्या इंजेक्शनला गुरुजी गणपतिपूजन म्हणत. मुख्य कर्म नंतर, आधी विघ्नाचा बंदोबस्त. मला ते कसं सहन व्हावं? मेंदूला उलटीचा निरोप कसा जातो आणि हे औषध तो वाटेत कसा अडवतं, हे मी त्यांना हवेत बोटानं आकृत्या काढून समजावलं. त्यांनी सगळं मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे गणपतीच की."

पहिल्या दोन खेपांना मला एकही उलटी झाली नाही. कचोरी-जिलेबीवर पोसलेलं आपलं बनारसी पोट, त्याला काय होणार, असा शास्त्रीय निष्कर्ष मी काढला. त्यात इंजेक्शननंतर दोन-दोन दिवस पोट साफ व्हायचं नाही ते वेगळंच. तिसऱ्या खेपेला मी डॉक्टरांना सांगून टाकलं की उलटी होतच नाही, तेव्हा उलटीचं इंजेक्शन नको. तो तरुण मुलगा परोपरीनं समजावत होता. मी त्याला मागच्या बाकावरच्या पोराला करावं तसं गप्प केलं. गुरुजी एवढंच म्हणाले, "विघ्न आलं नाही म्हणून गणपतीला रजा देता होय?" आयुष्यभर कार्यकारणभाव शिकवलेली मी. मला ती अंधश्रद्धा वाटली.

घरी जाताना गोदौलियाच्या जाममध्ये ई-रिक्शा अडकली आणि तिथंच माझा कार्यकारणभाव वर आला. "अम्मा, मुँह बाहर करा, बाहर!" असं रिक्शावाला ओरडत होता. भर रस्त्यात बसलेला सांड, जो पोलिसांनाही जुमानत नाही, तो उठून बाजूला झाला. घरी पोचल्यावर तर पाण्याचा घोटही टिकेना. न्हाणीघराच्या गार फरशीला गाल लावून मी पडून राहिले आणि ठरवलं की आता बास. बंगळूरला मुलीला कळवलं, केमो सोडली. ती रडली, भांडली. मी ऐकलं नाही. पुढच्या तारखेला इस्पितळातून फोन आले, तेही उचलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दारात गुरुजी. तीन जिने चढून धाप लागलेली, हातावर कापसाची पट्टी तशीच. मी त्यांना बसवलं आणि ते बोलायच्या आतच सुरू केलं, "हे बघा, माझं वय झालंय. मुलगी मार्गी लागलीय. ओढूनताणून जगण्यात काही अर्थ नाही." आता हे आत्मा अमर असल्याचं सांगतील म्हणून त्यावरची उत्तरंही मी तयार ठेवली होती.

गुरुजींनी उपरण्यानं तोंड पुसलं. मग म्हणाले, "बाई, जन्मभर लोकांची श्राद्धं केली. कधी भीती वाटली नाही. मरणं दुसऱ्यांची होती ना. त्या कुर्सीवर बसलो की माझे हातपाय थंड पडतात. घरी मुलाला सांगवत नाही. तुम्ही बाजूला बसून हुज्जत घालता, तेवढा वेळ विसरतो. काल तुमची कुर्सी रिकामी होती. मला संकल्पातलं पुढचं आठवेना."

चहा करते म्हणून मी आत गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले. माझी हुज्जत कुणाला हवी असते, हे नवरा गेल्यापासून मी विसरूनच गेले होते.

मी परत गेले. इंजेक्शनसाठी सगळ्यांच्या आधी हात पुढे केला. गुरुजींनी माझ्याही नावानं संकल्प सोडायला घेतला आणि गोत्र विचारलं. मला मूलद्रव्यांची सारणी अजून तोंडपाठ येते, गोत्र आठवेना. "काश्यप लावतो," गुरुजी म्हणाले, "ज्याला माहीत नसतं त्याचं काश्यप." उलट्या थांबल्या. श्रेय कुणाचं यावर आम्ही पुढच्या सगळ्या खेपा भांडलो.

आता गुरुजी नाहीत. त्यांना औषध लागू पडत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी त्यांची केमो माझ्याआधीच थांबवली. केमो थांबल्याचं त्यांच्या मुलानं मला फोनवर सांगितलं तेव्हा माझी एक खेप बाकी होती. त्या शेवटच्या खेपेला शेजारच्या खुर्चीकडे बघायचंच नाही असं ठरवून मी वॉर्डात शिरले. खुर्चीत कुणी नवीन पेशंट होता. गुरुजी माझ्या खुर्चीजवळ प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते, निम्मे झालेले, धोतर नीट चापूनचोपून नेसलेले.

"आज माझं काही नाही," ते म्हणाले. "तुमच्याबरोबर बसायला आलोय. घाला हुज्जत."

सिस्टर आली आणि तिनं नेहमीचा प्रश्न विचारला, "अम्मा, घर से कौन आया है?" एरवी मी मोठ्या तोऱ्यात सांगत असे, कोई नहीं. मी तोंड उघडायच्या आत गुरुजी स्टुलाचा आधार घेत उठून उभे राहिले.

"हम आए हैं," ते म्हणाले. "बड़े भाई."