उतरवायची राहिलेली बत्ती

भैरोबा नाला ओलांडला तेव्हा मी वैजनाथभाऊंना तिसऱ्यांदा म्हटलं, "भाऊ, जरा टेका की ती खाली. हात गळून पडेल."

"टेकायची नाही," ते म्हणाले. "तुम्ही दमला असाल तर बसा, ताई. मी उभा ऱ्हातो."

उभ्या माणसासमोर बसायचं कसं? मीही चालत राहिले. जुन्या बाजारातून निघून आम्हाला दीड तास झाला होता आणि हडपसर अजून लांबच होतं. त्यांच्या हातात एक काळी पडलेली गॅसबत्ती होती. पंप मारून पेटवायची रॉकेलची बत्ती. ज्यांनी जुन्या वराती पाहिल्या असतील त्यांना वेगळं सांगायला नको. दोन हातांत कडी धरून, भरलेलं ताट न्यावं तसे ते चालले होते.

पुलगेटला आम्ही बसमध्ये चढलो होतो. कंडक्टरने रॉकेलचा वास घेतला आणि म्हणाला, "आजोबा, हिला बसवायचं तर आख्खी बस हिलाच द्या. आम्ही येतो चालत." भाऊ उतरले. मीही उतरले, कारण बाजारात ते माझ्या कामासाठी आले होते. माझ्या देवघरातली पितळी घंटा फुटली होती, आणि तशी जुनी घंटा कुठे मिळेल ते त्यांनाच ठाऊक. रिक्षा करू म्हटलं तर म्हणाले, "रिक्षा धक्के देती."

ही दोन हजार चार सालातली गोष्ट, चैत्रातल्या एका रविवारची.

वैजनाथभाऊ आमच्या भिंतीला भिंत लागून राहायचे. मूळचे परळीकडचे. उमेदीत वरातींना बत्त्या भाड्याने द्यायचा धंदा केला, तो बसल्यावर पुढे मगरपट्ट्याच्या बाजूला काचेच्या इमारतीतल्या एका कंपनीच्या फाटकावर वॉचमन झाले. आमची ओळख रॉकेलमुळे झाली. आमच्याकडे एकच सिलिंडर, म्हणून रेशनवर थोडं रॉकेल मिळायचं. ते मी त्यांना द्यायचे आणि ते माझा स्टोव्ह दुरुस्त करून द्यायचे. त्यांच्या दोन खोल्यांत वाश्याला तारेने टांगलेल्या एकतीस बत्त्या होत्या. सगळ्या जुन्या बाजारातून हुडकून आणलेल्या, घासून लख्ख केलेल्या. गल्लीतले लोक हसायचे. "काय वैजनाथ, वीजमंडळावर भरवसा नाही वाटतं?" ते म्हणायचे, "तुमचा हाय ना? मग झालं."

पण मी हसत नसे, कारण मधली भिंत एका विटेची होती. रोज दिवेलागणीला मी देवापाशी निरांजन लावून हात जोडले की पलीकडे पंपाचा आवाज यायचा, मग बत्तीची सूंऽऽ सुरू व्हायची. रोज वेगळी बत्ती. थोडा वेळ ते ऐकत बसायचे. मग हलक्या आवाजात म्हणायचे, "थांब, आलो." आणि बत्ती विझवायचे. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्या गल्लीत राहायला आल्यापासून नऊ वर्षं मी ते ऐकत होते. अर्ध्यावर आलेलं स्तोत्र माझ्या तोंडात अडकायचं, पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागायचं.

रामटेकडीच्या अलीकडे एका टपरीपाशी आम्ही थांबलो. मी चहा घेतला. त्यांनी नको म्हटलं, दोन्ही हात गुंतलेले.

मी म्हटलं, "भाऊ, आता मला सांगा. असं काय आहे त्या बत्तीत?"

"मेंटल हाय," ते म्हणाले.

बत्तीच्या काचेत कापडाची जाळीची पिशवी असते, तिला मेंटल म्हणतात. उजेड देते ती तीच. एकदा पेटली की तिची राख होते, पण आकार तसाच राहतो. जरा धक्का बसला की भुकटी. भाऊंनी बाजारात ही बत्ती पेटवून पाहिली होती. परीक्षेला लागणारं सगळं सामान, रॉकेलची बाटलीसुद्धा, त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत असायचं. मेंटल तेव्हाच जळलेलं. मी म्हटलं, "एका मेंटलसाठी एवढी पायपीट? पिशवीत डझनभर असतील."

"तिनं पडू दिलं नव्हतं," ते म्हणाले. मग रस्त्याकडे बघत त्यांनी मला वेणूबाईंचं सांगितलं.

वेणूबाई म्हणजे त्यांची बायको. वरातीत बत्त्या डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बायांमध्ये तीही असायची, रांगेच्या शेवटी. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर फळी, फळीवर पेटती बत्ती. त्या धंद्याचा एक नियम होता. बत्ती बाईने स्वतः उतरवायची नाही. टाकी तापलेली असते, आणि हिसका बसला तर मेंटल पडून दिवा जातो. वरातीत दिवा जाणं वाईट. म्हणून बत्तीवाल्यानेच एकेकीपाशी जाऊन ती उतरवून घ्यायची. तोवर बाईने हलायचं नाही.

त्र्याण्णव सालच्या वैशाखात हडपसरच्या सर्जेराव नावाच्या बागाईतदाराच्या मुलीचं लग्न होतं. मांडव त्यांच्याच शेतात. वरात मांडवापाशी आली आणि सर्जेरावांनी सगळ्यांना चकित करायला आणून ठेवलेला जनरेटर सुरू केला. आठ हॅलोजन एकदम लागले.

"ताई, मी तोवर असला उजेड बघितला नव्हता. लोक आ वासून वर बघायले. मीबी बघायलो. आपला धंदा बसला, हे मला तिथंच कळलं. मी बाया शोधायचो ते बत्त्यांवरनं. अंधारात जिथं उजेड दिसंल तिथं जायचं आणि उतरवायचं. त्या दिवशी अंधारच नव्हता. दहा उतरवल्या. अकरावी जनरेटरच्या गाडीपलीकडं हुती. हॅलोजनच्या उजेडात तिची बत्ती दिसलीच नाही मला."

 टपरीवाल्याने माझा पेला उचलून नेला.

"तिनं हाक मारली असंल. जनरेटर किती वरडतो. मी पंगतीत बसलो. जिलबी खाल्ली. दोन तासांनी जनरेटरमधलं तेल सरलं आन् सगळीकडं अंधार पडला, तवा एक बत्ती दिसली. उभीच हुती. मेंटल शाबूत. मी पळत गेलो तर एवढंच म्हणाली, 'अवो, उतरवा की.'"

त्या दिवसापासून वेणूबाईंची मान नीट वळली नाही. ओझं म्हणून उचलता आलं नाही. नवऱ्याला त्या कधी बोलल्या नाहीत. दोन वर्षांनी तापाने अंथरुणाला खिळल्या. शेवटचे चार दिवस त्यांचा उजवा हात डोक्यापाशी वर धरलेला असायचा, आणि ग्लानीत एकच म्हणायच्या, "अवो, उतरवा की." भाऊ हात खाली करायचे, हात पुन्हा वर जायचा. तसाच गेला जीव.

दहाव्याला मुंढव्याच्या नदीवर पिंड ठेवला. कावळा शिवेना. लोकांनी सांगितलं, तिचं काही राहिलं असेल तर बोल. भाऊंनी सगळं बोलून पाहिलं. परळीला अभिषेक करीन, तुझ्या बहिणीला अंतर देणार नाही. कावळे झाडावर बसून राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

"जे बोलायचं ते मला ठाव हुतं," ते म्हणाले. "पण भावकी उभी, तिचा भाऊ उभा. बायकूला मी डोक्यावर बत्ती ठिऊन इसरलो, ह्ये त्यांच्यासमोर कसं सांगू? नाही बोललो."

मी कावळ्याचं मानते. माझा मुलगा संगणकाच्या कंपनीत आहे, तो म्हणतो मानू नये.  माझ्या भिंतीपलीकडे ते रोज कुणाला थांब म्हणायचे, ते मला तिथे टपरीपाशी कळलं.

वेणूबाई गेल्यावर त्याच महिन्यात त्यांनी सगळ्या बत्त्या जुन्या बाजारात देऊन टाकल्या होत्या. घरात नकोशा झाल्या. मग दिवेलागणीला कानात हाक येऊ लागली तेव्हा परत शोधायला निघाले. वेणूबाईंच्या बत्तीचा आवाज वेगळा होता. सूं करताना मधेच क्षणभर गप्प व्हायची, श्वास घेतल्यासारखी. आणि टाकीवर तांबटाकडून टिंबाटिंबांनी त्यांचं नाव घातलेलं होतं, भांड्यावर घालतात तसं.

"आज बाजारात हिनं श्वास घेतला," ते म्हणाले. "नावबी हाय. हात लावून बघा."

मी पदराने काजळी पुसली आणि बोट फिरवलं. पाचसहा टिंबं लागली. नाव असेल. पोचेही असतील. 

आम्ही पुढे निघालो. वैदूवाडी गेली. मगरपट्ट्याच्या चौकातून ते घराकडे न वळता डावीकडे वळले. मीही मागोमाग वळले. त्यांच्या कंपनीच्या फाटकापाशी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. सर्जेरावांचं शेत हेच. रविवार असूनही काचेच्या आत सगळे दिवे चालू होते, आणि शेजारी मोठा जनरेटर पिंजऱ्यात बसवलेला. त्याच्यापलीकडे, कुंपणाच्या बाहेर, हातभर रुंद मोकळी जागा होती.

"हितं," भाऊ म्हणाले. "चार वर्सं मी त्या फाटकावर बसतो, ताई. पाठ हिकडं करून बसतो."

त्यांनी पहिल्यांदाच कडी माझ्या हातात दिली. मी श्वास रोखून धरून राहिले. त्यांनी खालून स्पिरिट लावलं, पंप मारला. राखेचं मेंटल एवढं चालूनही पडलं नव्हतं. ते आधी लाल झालं, मग पांढरं. सूं सुरू झाली. मी कान देऊन ऐकत होते, आणि मधेच ती थांबली. खरंच थांबली. टाकीत कचरा असला तरी तसं होत असेल. मग पुन्हा सुरू झाली. काचेच्या इमारतीच्या उजेडात तिचा उजेड जमिनीवर पडतसुद्धा नव्हता.

मी मनात देवाचं नाव घेतलं. भाऊंनी खांद्यावरचं उपरणं काढून त्याची चुंबळ वळली.  माझ्याकडे न बघता ते बोलले.

"ताई, एक मागतो. नाही म्हणालात तरी राग नाही. उंचीनं तुम्ही तिच्याएवढ्याच. ही चुंबळ डोक्यावर घ्या, बत्ती मी ठिवतो. मग मी पार त्या फाटकापाशी जाऊन उभा ऱ्हातो, पाठ करून. तुम्ही मला तिच्यावानी हाक मारा. 'अवो, उतरवा की.' परक्या पुरुषाला असं म्हणणं तुम्हाला जड हाय, कळतं मला. पण हाक कानावर आल्याबिगर मी येऊ कसा? एकदाच मारा. मी लगेच येतो."