सून माहेरी गेली आहे

त्या मुलीच्या संशोधनात माझं एक खोटं वाक्य गेलं असेल, म्हणून आता हे लिहितोय.

नव्वदच्या दशकात ती आमच्या गणपती घडवणाऱ्या जोहे गावात आली. नुकतीच एम.ए. झालेली. लग्नानंतर बायका कबड्डी का सोडतात, हा तिचा विषय. घामेजलेले तळवे ओढणीला पुसायची आणि प्रश्न विचारून स्वतःच ओशाळायची.

"काका, तुमच्या सूनबाई रोह्याकडून खेळायच्या ना? भेटतील का?"

सून आतच गणपती रंगवत होती. तिचा खेळ मीच बंद केला होता. परक्या माणसासमोर ती ते बोलेल, या धास्तीने मी म्हणालो, "माहेरी गेलीय, रोह्याला. आणि तिला आता आवड राहिली नाय."

आतला ब्रशचा आवाज थांबला.

मुलगी लिहिता लिहिता थांबली. "आवड राहिली नाही, हे प्रत्येक घरी मला पुरुषच सांगतात, काका." मग घाबरून म्हणाली, "सॉरी, तुम्हाला नाही म्हणाले. मी रोह्यालाच जाते."

तिने पत्ता मागितला, मी दिला.

ती समोरच्या थांब्यावर पोचली तशी सून दारात आली. हात रंगाने माखलेले.

"आबा, मी रोह्याला कधी गेले वो?"

एसटीला अवकाश होता. हाक ऐकू गेली असती. सून माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मी हाक मारली नाही.

एसटीत चढताना त्या मुलीने वळून मला नमस्कार केला.