बोटीवरचं शिळं पाणी

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कपड्यांची काठी आत ओढणं. सिंगापूरला यिशुन भागात पोराचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे. इथं कपडे बांबूला अडकवून खिडकीबाहेर वाळत घालतात. काठी आत घ्यायला आम्हाला दोघं लागायचे. मी ओढायचो, ती कपडे सावरायची आणि माझ्या ओढण्यात रोज चूक काढायची.

"अहो, सरळ ओढा. चादर खालच्यांच्या डोक्यावर पडंल."

"पडू दे. त्यांना फुकट चादर."

"सूनबाईला सांगितलंत का?"

हा प्रश्न चार महिने मागं लागला होता. "सांगतो की," म्हणलं.

"उद्या सकाळी सांगा. चहाच्या आधी. नाहीतर मी सांगते, आणि मी सांगितलं तर मीठमसाला लावून सांगीन."

"सांगतो म्हणलं ना."

काय सांगायचं होतं ते आता लिहितो.

आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून पोरानं सहलीचा घाट घातला. तो जुरोंग ईस्टला कॉम्प्युटरच्या कंपनीत साहेब आहे. म्हणाला, आई, कुठं जायचं ते तू सांग. त्याला वाटलं ही काशी म्हणेल, फार तर पॅरिस. हिनं मोबाइलवर एक व्हिडिओ बघून ठेवला होता. क्रोएशियाच्या किनाऱ्याला एक बेट आहे, तिथं मठातल्या नन घायपाताच्या धाग्यांची लेस विणतात. घायपात म्हणजे आमच्या माणदेशात बांधाला लावतात ती काटेरी पानं. ती कुजवून, बडवून वाख काढायचा आणि वाखाचा दोर वळायचा. हिचं सगळं लहानपण त्यात गेलं, बोटांना कायम घट्टे. वर ही क्रोशाची शौकीन. तिला ते बघायचंच होतं.

मी म्हणलं, "एवढ्या लांब जाऊन घायपात बघणार? आपल्या बांधाला काय कमी होती?"

"आपल्या बांधाच्या घायपाताची कुणी लेस केली का? बैल बांधला नुसता."

मग पोरानं त्या किनाऱ्याला शिडाची बोट भाड्यानं घेतली, सात दिवसांसाठी, कप्तानासकट. यॉट म्हणतात. आम्ही दोघं, पोरगा, सून आणि नात. कप्तान तिथलाच, पन्नाशीचा, उन्हानं तांबडा झालेला, पोट सुटलेला. बोटीवर पाय ठेवायच्या आधी त्यानं चपला काढायला लावल्या आणि एका टोपलीत टाकल्या. ही माझ्या कानात म्हणाली, "माणूस चांगल्या घरचा आहे."

बोट दिसायला झकास. आत खोल्या म्हणजे खुराडी. उठलो की डोकं आपटायचं. संडासाला हातपंप, वीस वेळा मारायचा. पण समुद्र असा, की घरच्या नीळ घातलेल्या पाण्याची आठवण व्हावी, आणि तळाचा दगडन्‌दगड दिसावा. किनाऱ्याचे डोंगर बोडके, पांढरे, झुडपं तेवढी. ही म्हणाली, "हे तर आपलंच गाव. पायथ्याशी समुद्र आणून ठेवलाय एवढंच." माणदेशाला समुद्र द्यायला देव विसरला, तो इकडं दिला, असं आमचं दोघांचं मत पडलं.

आता माझा पराक्रम. मी चौथी शिकलो आणि तीस वर्षं पाण्याचा टँकर चालवला. टँकरवाल्याची एक शिस्त असते. रात्रभर टँकरमध्ये राहिलेलं पाणी शिळं. सकाळी ते आधी झाडांना सोडायचं आणि मग ताजं भरायचं. ती सवय सिंगापूरला आल्यावरही सुटली नाही. उठलो की नळ थोडा वेळ सोडतोच. पहिल्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. सूर्य वर येत होता, बाकी सगळे घोरत होते. मी ओट्याचा नळ उघडला. मग दोन्ही मोऱ्यांचे. आत कुठं तरी पंप घरघरत होता. म्हणलं, चांगलं आहे, मोटर लावलीय. पाणी खळाखळा समुद्रात जात होतं आणि मी वरती बसून डोंगर बघत होतो.

अर्ध्या तासानं ही उठून आली.

"अहो, नळ का सोडलेत?"

"शिळं पाणी काढतोय. ताजं येऊ दे."

तिनं एकदा चारी बाजूंचा समुद्र बघितला, एकदा माझ्याकडं बघितलं. "कुठनं येणार?"

मी उठून तिन्ही नळ बंद केले. आयुष्यात इतक्या झटपट उठलो नसेन.

न्याहारीला कप्तानानं पाण्याच्या टाकीचा काटा बघितला आणि पोराशी इंग्रजीत काहीतरी बोलला. पोराचा चेहरा उतरला. टाकीत पाव हिस्सा पाणी राहिलं होतं. आदल्या संध्याकाळी सुनेनं डोक्यावरून अंघोळ केली होती, जरा सावकाश. सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. ती बिचारी म्हणाली, "सॉरी, मला कळलंच नाही इतकं लागतं." नात लगेच सिंगापुरी 'ला' लावून ओरडली, "ममा शॉवर क्वीन ला!"

मी पावाला लोणी लावत बसलो. तीस वर्षं गावोगाव पाणी वाटलेला माणूस, टाकी मी रिकामी केली असं कुठल्या तोंडानं सांगणार? लाज वाटली, दुसरं काही नाही. हिनं माझ्याकडं बघितलं. तीही गप्प बसली. पण तिचं गप्प बसणं म्हणजे उधारी, हे मला ठाऊक होतं.

कप्तान म्हणाला, माघारी बंदरात जाऊन टाकी भरावी लागेल. त्यात एक दिवस जाणार आणि लेसचं बेट बहुतेक राहणार, कारण पुढं वारा वाढणार होता. पुढं जायचं तर दोन रात्री अशा खाडीत काढायच्या, जिथं पाणी मिळत नाही. प्यायच्या बाटल्या वेगळ्या होत्या, त्यांची काळजी नव्हती.

हिची सगळ्या आयुष्यातली एक मागणी, आणि ती मी नळातून सोडून दिली.

ही पोराला म्हणाली, "त्याला विचार, मोरीत बादली आहे का?"

"आहे. का गं?"

"मग माघारी जायचं नाही. पाणी माझ्या ताब्यात."

त्यानंतर दोन दिवस बोटीवर माणदेश आला. हिनं बॅगेत स्टीलचा तांब्या आणलाच होता. माणशी दिवसाला दोन तांबे. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, शेवटी एक वाटी गोड्या पाण्यानं विसळायची. तेच विसळलेलं पाणी बादलीत, ते संडासाला. पोरगा आणि सून समुद्रात पोहून अंघोळ करायचे आणि वर आले की ही शिडीपाशी तांब्या घेऊन उभी, रेशनच्या दुकानदारासारखी. कप्तानानं तिसरा तांब्या मागितला तर त्यालाही दिला नाही. तो हसून पोराला म्हणाला, तीस वर्षांत इतकी कडक मालकीण बघितली नाही. दुपारपर्यंत तो स्वतःच बादली घेऊन भांडी घासत होता.

मी माझ्या वाटणीचे तांबे गुपचूप सुनेच्या मोरीत ठेवत होतो. खारट अंग घेऊन फिरलो. खाज सुटली.

मधल्या खाडीत आम्ही उतरलो. दगडी पायऱ्यांचं गाव, अंजिराची झाडं, दारात बसलेल्या काळ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्या. चर्च बघितलं. दुसरं चर्च बघितलं. तिसऱ्याला मी बाहेरच बसलो. माझं मत असं, की देवळं काय आणि चर्च काय, दोन बघितली की पायांना कळतं. ही मात्र आत जाऊन प्रत्येक मेणबत्तीचा वास घेऊन आली.

तिसऱ्या दिवशी दुपारी बेट आलं. गुळगुळीत पांढऱ्या फरशीचे रस्ते, त्यावरून मी दोनदा घसरलो. मठाच्या खोलीत काचेखाली लेस होती. कोळ्याच्या जाळ्यासारखी, फुंकर मारली तर उडेल अशी. हिनं नाक काचेला टेकवलं. तिथं एक म्हातारी नन होती, हिच्याच वयाची. हिला तिची भाषा येईना, तिला हिची. हिनं हातानं करून दाखवलं, पान कापायचं, कुजवायचं, बडवायचं, वळायचं. ननने मान हलवली आणि बडवायचं नाही, खरवडायचं, असं नखानं दाखवलं. मग आतून वाखाची एक बट आणून हिच्या हातात ठेवली. ही ती बट बोटांत फिरवत राहिली. दोघींनी एकमेकींचे घट्टे बघितले. सूनबाई फोटो काढायला गेली तर ही म्हणाली, थांब, आधी बघू दे.

बाहेर आल्यावर धक्क्यावर बसलो. ही जाम खूश. मग म्हणाली, "आता सांगा तिला."

"आज नको. आजचा दिवस चांगला गेलाय."

मग विमानात नको, घरी गेल्यावर. घरी आल्यावर नको, तिला ऑफिस आहे. आणि तिकडं ते शॉवर क्वीन काही सुटेना. सून मोरीत गेली की नात दार वाजवायची. एका रविवारी पोराचे मित्र जेवायला आले, त्यांनाही पोरानं तो किस्सा रंगवून सांगितला. सगळे हसले. सूनही हसली, पण भाकरी वाढताना मान वर केली नाही. ही टेबलाखालून माझ्या पायावर पाय देत होती, जोरात.

आणि मग ती काठीची संध्याकाळ. चादरींच्या घड्या केल्या, पिठलं खाल्लं, झोपलो. सकाळी ही उठली नाही. झोपेतच गेली. डॉक्टर आला, कागद झाला. पोरगा खिडकीपाशी उभा राहून फोनवर फोन करत होता, गावाला, पुण्याला. बाहेरच्या खोलीत माणसं जमायला लागली. चहा कुणी टाकला नव्हता.

सूनबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. मी तिच्याशेजारी बसलो. गुडघे दुखतात, तरी बसलो.

"सूनबाई, बोटीची टाकी मी रिकामी केली."

तिनं वर बघितलं. "काय, बाबा?"

"तू नाही. मी. शिळं पाणी म्हणून नळ सोडले. तुम्ही सगळे झोपला होता. आई मला सांगून टाका म्हणत होती, मी गप्प बसलो. चुकलं माझं."

"बाबा, हे आत्ता?"

"तिनं आजची सकाळ सांगितली होती. चहाच्या आधी."

नाकातून पाणी वाहत होतं, ते तिनं ओढणीला पुसलं.

"किती नळ?"

"तिन्ही."

तिला हसू आलं. बाहेर माणसं होती म्हणून तिनं तोंडावर हात दाबला, पण खांदे हलत होते, हसण्यानं की रडण्यानं ते मी विचारलं नाही. मग ओट्याचा आधार घेऊन उठलो, बाहेर गेलो, पोराच्या हातातला फोन खाली घ्यायला लावला आणि नातीलाही जवळ बोलावून दोघांना सगळं पहिल्यापासून सांगितलं.